नैसर्गिक आहे, पण कशाचं?



मागच्या लेखात मी चातुर्मासातल्या कोरड्या भाज्यांबद्दल लिहिलं होतं. आजचा विषय स्वयंपाकघरातलाच आहे, पण ताटातल्या पदार्थाचा नाही, खुद्द ताटाचा आहे. ताट, द्रोण, चहाचा कप, किराण्याची पिशवी, औषधाची कॅप्सूल, जखमेवरची पट्टी. हल्ली या सगळ्यांवर एकच शब्द छापलेला दिसतो, "नैसर्गिक". कुठे "बायो", कुठे "इको", कुठे "हर्बल". हिरवं पान काढलं की आपण विश्वासाने पिशवीत टाकतो. मला मात्र गेल्या वर्षभरात तो शब्द वाचला की लगेच पुढचा प्रश्न पडायला लागलाय, नैसर्गिक आहे ते ठीक, पण कशाचं?

आमच्या घरचा व्यवसाय पॅकिंग साहित्याचा. देहूरोडच्या बाजारात सासऱ्यांनी दुकान सुरू केलं तेव्हा सुतळी, पोती आणि ब्राउन पेपर विकला जायचा. चाकण, तळवडे, भोसरीकडे कारखाने वाढले तसे खोके, टेप, बबल रोल, थर्माकोल आले. २३ मार्च २०१८ ला महाराष्ट्र सरकारची प्लास्टिकबंदीची अधिसूचना निघाली, तेव्हा पहिल्या गुन्ह्याला पाच हजार, दुसऱ्याला दहा, तिसऱ्याला पंचवीस हजार दंड ऐकून बाजारात नुसती धावपळ उडाली होती. मग १ जुलै २०२२ पासून केंद्र सरकारनेही एकदाच वापरून फेकायच्या प्लास्टिकच्या प्लेटा, चमचे, स्ट्रॉ बंद केले. त्यानंतर दुकानात येणारा प्रत्येक विक्रेता काही ना काही "नैसर्गिक" घेऊन येतो. मक्याची पिशवी, उसाची प्लेट, बटाट्याचा चमचा, तांदळाची स्ट्रॉ. यांनी घरी नमुने आणायला सुरुवात केली आणि आमच्या जेवणाच्या टेबलावर चर्चा सुरू झाली. त्या चर्चेत सगळ्यात कडक परीक्षक आमच्या सासूबाई, वय वर्षं ७८, रोज सामायिक आणि चौविहार करणाऱ्या.

माळ आणि मणी

आधी ही वस्तू असते काय, ते सोप्या भाषेत सांगते. माझ्या नणंदेची मुलगी पुण्यात केमिकल इंजिनिअरिंग शिकते. तिने आजीला समजावलं ते मला फार आवडलं. तिने आजीच्या हातातली जपमाळ घेतली आणि म्हणाली, "नानी, हेच पॉलिमर. एकच मणी, पुन्हा पुन्हा, एका दोऱ्यात ओवलेला. तुझ्या माळेत १०८, माझ्या माळेत हजारो."

मक्यातला, तांदळातला स्टार्च म्हणजे ग्लुकोज या साखरेच्या मण्यांची माळ. कापूस, लाकूड, उसाचं चिपाड यातलं सेल्युलोज म्हणजेसुद्धा त्याच ग्लुकोजच्या मण्यांची माळ. फरक फक्त मणी कसे जोडलेत याचा. पण त्या एका फरकामुळे भात आपल्याला पचतो आणि सुती रुमाल पचत नाही, भात पाण्यात मऊ होतो आणि रुमाल शंभर वेळा धुतला तरी टिकतो.

प्राण्यांच्या शरीरातही अशाच माळा आहेत. तिथे बहुतेक माळांचे मणी साखरेचे नसतात, अमिनो आम्लांचे असतात. कातडी आणि हाडांमध्ये कोलॅजन, ते उकळून काढलं की जिलेटिन. केसांत, लोकरीत, शिंगांत केराटिन. रेशमात फायब्रॉइन. कोळंबी आणि खेकड्याच्या कवचात कायटिन असतं, आणि त्यावर प्रक्रिया करून कायटोसान बनवतात. शास्त्राच्या पुस्तकात हे सगळे एकाच यादीत येतात आणि यादीचं नाव असतं नैसर्गिक पॉलिमर. वैज्ञानिकाच्या दृष्टीने ते बरोबरच आहे. मक्याचा स्टार्चही निसर्गातला आणि कोळंबीचं कवचही निसर्गातलं. पण आपल्या दृष्टीने या यादीच्या मधोमध एक रेघ आहे. एका बाजूला एकेंद्रिय, दुसऱ्या बाजूला त्रस जीव. आपण श्रावक-श्राविका पहिल्या अणुव्रतात ज्याचं वचन घेतो ती रेघ हीच.

हे आपल्या यादीत आधीपासून आहे

प्रतिक्रमणात सातव्या व्रताचे अतिचार म्हणताना आपण पंधरा कर्मादानांची नावं घेतो. त्यात दंतवाणिज्य आहे, म्हणजे हस्तिदंताचा व्यापार. आणि लाक्षावाणिज्य आहे, म्हणजे लाखेचा व्यापार. लहानपणी मला नेहमी वाटायचं, हस्तिदंत कोण विकतंय आता? आणि लाखेत एवढं काय आहे? लाख म्हणजे झाडाच्या फांदीवर बसणाऱ्या अगदी बारीक किड्यांनी स्वतःभोवती केलेलं आवरण. फांद्या खरवडून ती काढतात, तेव्हा असंख्य किडे त्यातच जातात. म्हणून तो व्यापार श्रावकाने करू नये.

पण आता नीट बघा. हस्तिदंत आणि लाख हे दोन्ही त्या काळचे "नैसर्गिक पॉलिमर"च होते. हस्तिदंतात कोलॅजन असतं, आणि लाख ही किड्याने बनवलेली राळ. प्लास्टिक नव्हतं तेव्हा प्लास्टिकची कामं यांच्याकडूनच व्हायची. कंगवे, मुठी, बांगड्या, पियानोच्या पट्ट्या, डबे, पॉलिश. आपल्या मारवाडातल्या लग्नांत नवरीच्या हातात हस्तिदंती चुडा असायचा, हे आपल्या आजींच्या पिढीने पाहिलंय.

माझ्या भाचीने यापुढची गोष्ट सांगितली तेव्हा सासूबाईंनी माळ बाजूला ठेवून ऐकली. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत बिलियर्डचे चेंडू हस्तिदंताचे असायचे. हत्ती कमी पडायला लागले, म्हणून दुसरा पदार्थ शोधणाऱ्याला बक्षीस जाहीर झालं. जॉन वेस्ली हायट नावाच्या माणसाने १८६९ च्या सुमारास कापसाच्या सेल्युलोजवर रासायनिक प्रक्रिया करून, त्यात कापूर मिसळून सेल्युलॉइड बनवलं. पुढे १९०७ मध्ये लिओ बेकलंड लाखेला पर्याय शोधत होते, त्यांच्या हातून बेकेलाइट तयार झालं. विजेची काळी बटणं, कुकरच्या काळ्या मुठी ज्याच्या असतात ते. म्हणजे दंतवाणिज्याला पर्याय शोधताना एक प्लास्टिक निघालं आणि लाक्षावाणिज्याला पर्याय शोधताना दुसरं.

त्यांनी अहिंसेसाठी केलं नव्हतं, माल महाग झाला म्हणून केलं. तरी हत्तीचा जीव वाचवणारी वस्तू म्हणून प्लास्टिक जगात आलं, हे मला माहीतच नव्हतं. आज तेच प्लास्टिक पांजरपोळात गाईंच्या पोटातून किलोकिलोने निघतं. म्हणून आता जग पुन्हा निसर्गाकडे वळतंय, आणि वळायलाच हवं. फक्त वळताना आपण शेताकडे वळतोय की कत्तलखान्याकडे, एवढं विचारायचं काम आपलं आहे.

सासूबाईंची जखम

हे सगळं नुसतं वाचनापुरतं राहिलं असतं. पण गेल्या पावसाळ्यात सासूबाईंच्या तळपायाला फोड आला आणि तो चिघळला. मधुमेह बारा-पंधरा वर्षांचा. जखम खोल गेली. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की अशी जखम वेळेत भरली नाही तर बोट, कधी कधी पाऊलही जातं. त्यांनी ड्रेसिंगसाठी एक पट्टी सुचवली. सासूबाईंनी नेहमीप्रमाणे विचारलं, "डॉक्टरसाहेब, ही कशाची आहे?"

डॉक्टर चांगले. त्यांनी टाळलं नाही. म्हणाले, "आजी, ही कोलॅजनची आहे. जनावराच्या किंवा माशाच्या शरीरातून काढतात. जखम भरायला आधार मिळतो."

सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "मग मला नको."

खोलीत आम्ही तिघं, यांना घाम फुटलेला. पाय वाचवायचा की नियम, असा प्रश्न पडतो तेव्हा मुलाची आणि सुनेची काय अवस्था होते ते ज्यांच्या घरी झालंय त्यांनाच कळेल. हे म्हणाले, "आई, पायाचा प्रश्न आहे." त्या म्हणाल्या, "पाय माझा आहे रे. दुसरं काही आहे का, ते तर विचार."

आणि दुसरं होतं. डॉक्टर म्हणाले की त्यांच्या जखमेतून पाणी बरंच येतंय, अशा जखमेला अल्जिनेटची पट्टीही चालते. अल्जिनेट म्हणजे समुद्रातल्या तपकिरी वनस्पतीतून काढलेली साखरेच्याच जातीची माळ. ती जखमेतलं पाणी शोषून जेलीसारखी होते, आणि बदलताना चिकटून बसत नाही. सासूबाईंनी त्यावरही विचार केला, कारण शेवाळ आपल्याकडे अनंतकाय मानतात. स्थानकात महासतीजी विराजमान होत्या, त्यांना आम्ही सर्व हकिकत सांगितली. औषधाबद्दल त्या आदेश देत नाहीत, ते त्यांच्या मर्यादेत बसत नाही, हे आपल्याला माहीत आहे. त्या एवढंच म्हणाल्या की विवेक ठेवा, त्रस जीवाची रक्षा तुमच्या व्रतात आहे, आणि जे नाइलाजाने घडेल त्याची आलोयणा घ्या. सासूबाईंनी अल्जिनेटची पट्टी स्वीकारली आणि नंतर आलोयणा घेतली.

जखम भरायला सव्वातीन महिने लागले. पट्टीमुळेच भरली असं मी म्हणणार नाही. साखर आटोक्यात ठेवली, पायावर भार येऊ दिला नाही, एक दिवसाआड ड्रेसिंग केलं, तेव्हा कुठे भरली. पण विचारल्याशिवाय दुसरा पर्याय समोर आला नसता, हे मात्र खरं.

तेव्हाच कळलं की टाके घालायचा जुना "कॅटगट" धागाही मेंढी किंवा गाईच्या आतड्यातून बनतो. आपोआप विरघळणारे जे आधुनिक धागे आहेत ते प्रयोगशाळेत ग्लायकोलिक आणि लॅक्टिक आम्लाच्या मण्यांपासून बनवतात. आणि बहुतेक कॅप्सूलचं बाहेरचं कवच जिलेटिनचं असतं. त्याऐवजी एचपीएमसीची कॅप्सूल मिळते, ती लाकूड किंवा कापसाच्या सेल्युलोजपासून बनते. औषधांवर खाद्यपदार्थांसारखं हिरवं-तपकिरी चिन्ह लावणं बंधनकारक नाही, त्यामुळे पाकिटावर "एचपीएमसी" किंवा "व्हेज कॅप्सूल" लिहिलंय का ते वाचावं लागतं, नाहीतर विचारावं लागतं. पुष्कळ औषधं गोळीच्या रूपातही मिळतात.

एक विनंती मात्र हात जोडून करते. हे वाचून कोणीही आपल्या मनाने औषध बंद करू नका आणि कॅप्सूल उघडून आतली पूड घेऊ नका. काही कॅप्सूल पोटात न विरघळता पुढे आतड्यात विरघळाव्यात अशाच बनवलेल्या असतात. डॉक्टरांना विचारा, पर्याय मागा. आणि ज्यांच्या आजारात पर्यायच नसेल त्यांच्याकडे बोट दाखवू नका. त्या घरावर काय गुजरतंय ते आपल्याला ठाऊक नसतं.

पाठशाळेतला प्रयोग

रविवारी मी पाठशाळेत मुलांना शिकवते. मुलांना हा विषय नुसता सांगून कळेना, म्हणून करून दाखवला. तुम्हीही घरी करू शकता. एक मोठा चमचा मक्याचं पीठ, चार मोठे चमचे पाणी, एक छोटा चमचा लिंबाचा रस आणि एक छोटा चमचा ग्लिसरीन. ग्लिसरीन वनस्पतीचं आहे ना, ते बाटलीवर बघून घ्या, कारण ते चरबीतूनही निघतं. मंद आचेवर सतत ढवळायचं. पांढरं पाणी पारदर्शक, खळीसारखं घट्ट झालं की स्टीलच्या ताटाला अगदी हलकं तेल लावून पातळ पसरायचं. दोन दिवसांनी त्याचा कागद सुटतो. वाकतो, ओढला तर थोडा ताणतो. मुलांना जादूच वाटली. कुरडया-पापडाचा चीक पसरणाऱ्या आपल्या हातांना त्यात नवल वाटू नये, कारण पापडाचाच हा भाऊ.

पण खरा धडा पुढच्या रविवारी मिळाला. देहूरोडचा पाऊस तुम्हाला माहीत आहे, लोणावळ्याचा शेजार. हवेतल्या ओलाव्याने तो कागद लिबलिबीत झाला होता आणि एका कोपऱ्यावर हिरवट बुरशी धरली होती. मुलं हिरमुसली. मी म्हटलं, "इरियावहियं म्हणताना आपण बुरशीच्या जीवांची पण क्षमा मागतो ना? तेच हे. आता सांगा, या कागदाची पिशवी केली आणि भिजली तर काय होईल?"

म्हणूनच बाजारात "मक्याची पिशवी" म्हणून जी येते ती नुसत्या मक्याची नसते. ती नुसती असती तर भाजी घरी येईपर्यंत फाटली असती. स्टार्चबरोबर दुसरे पदार्थ मिसळतात. एक म्हणजे पीएलए, पॉलिलॅक्टिक ॲसिड. दुसरा पीबीएटी, जो बहुधा खनिज तेलापासूनच बनतो, पण कंपोस्टमध्ये विघटित होतो. यात फसवणूकच आहे असं नाही, पण विक्रेता फक्त मक्याचं चित्र दाखवतो, म्हणून सांगितलं.

हा पीएलए आता आपल्या अंगणात आलाय. खंडोबाच्या जेजुरीला प्राज इंडस्ट्रीजने २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये बायोपॉलिमरचा प्रात्यक्षिक प्रकल्प सुरू केला, वर्षाला साधारण ५५ टन पीएलए बनवण्याच्या क्षमतेचा. साखर आंबवून लॅक्टिक ॲसिड करायचं, म्हणजे दह्यात जे आंबटपण असतं तेच, आणि त्याच्या मण्यांची माळ ओवायची. आपल्या ऊसपट्ट्यातली साखर साखरेपलीकडे कुठे जाऊ शकते त्याचं हे उदाहरण. आणि पाषाणची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, जिला सगळे एनसीएल म्हणतात, ती तर १९५० पासून पुण्यात आहे आणि पॉलिमर हा तिथल्या संशोधनाचा मोठा विषय आहे. आपली मुलं-मुली तिकडे शिकायला, कामाला जातात. त्यांना आपण फक्त "पॅकेज किती" एवढंच विचारू नये असं मला वाटतं. तुम्ही जे बनवता ते कशाचं बनवता, हेही विचारावं. जखमेची पट्टी, फळांवरचा पातळ थर, पाणी गाळायचा पडदा, या सगळ्यांसाठी कोळंबीच्या कवचातलं कायटोसान वापरण्यावर जगभर काम चालू आहे. तेच कायटोसान बुरशीतूनही काढता येतं. संशोधकाच्या टेबलावर दोन्ही रस्ते असतात. तिथे आपली एखादी मुलगी बसली असेल तर ती कोणता निवडेल, हे तिने घरी काय ऐकलंय त्यावरही अवलंबून असेल.

समाजाने विचारलं तर बदल होतो, याचं एक उदाहरण आपल्यासमोर आहे. मिठाईवरचा चांदीचा वर्ख पूर्वी जनावराच्या आतड्याच्या किंवा कातड्याच्या पुडीत ठेवून कुटायचे. लोकांनी वर्षानुवर्षं विचारलं, विरोध केला, आणि २०१६ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने वर्ख बनवताना कुठल्याही टप्प्यावर प्राणिजन्य वस्तू वापरायला मनाई केली. चॉकलेट-गोळ्यांवर चकाकी आणायला अजूनही लाख वापरतात, पाकिटावर ९०४ क्रमांक दिसला तर ती शेलॅक म्हणजे लाखच. वाचा एकदा तुमच्या घरातली पाकिटं.

गौतम प्रसादीची ताटं

आता मूळ मुद्दा. संवत्सरीच्या पारण्याला आमच्या संघाची गौतम प्रसादी असते, साडेतीनशे माणसं. ताटं कसली घ्यायची यावर महिला मंडळाची बैठक तासभर रंगली.

एकीने कागदी कप सुचवले. त्यावर भाचीने दिलेली माहिती मी सांगितली. कागदी कपाला आतून प्लास्टिकचा पातळ थर असतो. आयआयटी खरगपूरच्या संशोधकांनी २०२० मध्ये दाखवलं की १०० मिली गरम पेय अशा कपात १५ मिनिटं राहिलं तर त्यात सुमारे २५ हजार सूक्ष्म प्लास्टिक कण उतरतात. दुसरीने पीएलएचे कप सुचवले. पण साधा पीएलए ५५-६० अंशांना मऊ पडायला लागतो, उकळता चहा त्याला सोसत नाही. आणि "कंपोस्टेबल" म्हणजे कुठेही टाकला की माती होतो असं नाही. आपल्याकडे त्याचं मानक आयएस/आयएसओ १७०८८. त्यात १८० दिवसांत ९० टक्के विघटन व्हावं लागतं, पण ते ५८ अंशांच्या आसपास गरम, ओलसर कंपोस्टमध्ये. आपला कप रेल्वेलाइनच्या कडेला किंवा इंद्रायणीत गेला तर तिथे ५८ अंश कोण देणार? देहूरोडच्या एका बाजूला पवना, दुसऱ्या बाजूला इंद्रायणी. आळंदीला नदीवर तरंगणारा फेस आपण सगळ्यांनी पाहिलाय.

उसाच्या चिपाडाच्या प्लेटांना बऱ्याच जणींचा पाठिंबा होता. नुसतं सेल्युलोज, साखर कारखान्यात उरलेलं, कंदमूळ नाही, प्राणी नाही. पळसाच्या पत्रावळीही आठवल्या, पण पावसाळ्यात पानांत ओल आणि बारीक जीव राहतात, प्रत्येक पान पडिलेहण करून घ्यावं लागेल. मग आमच्या सासूबाई, पायाला पट्टी बांधून खुर्चीत बसलेल्या, म्हणाल्या, "प्लेट कशाची ते तुम्ही खूप बघितलं. उष्ट्याचं काय?"

त्यांचा मुद्दा असा. साडेतीनशे उष्ट्या प्लेटा पिंपात जाणार. उष्टं ४८ मिनिटांवर राहिलं की त्यात संमूर्च्छिम जीवांची उत्पत्ती, हे आपण लहानपणापासून ऐकतो. प्लेट मक्याची असो, उसाची असो की सोन्याची असो, पिंप तेच. आणि आपल्याकडे यावर उत्तर आहे, थाळी धुऊन पिणं. फेकायच्या प्लेटेत ते होतच नाही.

स्टीलच्या ताटांचं नाव निघताच खरी अडचण बोलली गेली. धुणार कोण? संघातल्या एका तरुण सुनेने धीटपणे विचारलं, "अहिंसा सगळ्यांची आणि भांडी आमची का?" हसू आलं, पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. शेवटी ठरलं ते असं. ताटं, वाट्या, पेले स्टीलचे, काही संघाचे, काही घराघरातून. प्रत्येकाने आपलं ताट गाळलेल्या पाण्याने धुऊन प्यायचं आणि कोरडं पुसून ठेवायचं. पुरुषांची पंगत आधी आणि पुढचं धुणं युवक मंडळाकडे. ज्यांना जमणार नाही अशा वयस्कांची ताटं त्यांच्या घरच्यांनी धुवायची. घरी न्यायच्या प्रसादासाठी तेवढे चिपाडाचे डबे.

पूर्ण नीट पार पडलं असं नाही. पन्नासेक ताटं तशीच उष्टी सोडून लोक उठले, पाण्याचा नळ एकच असल्यामुळे गर्दी झाली. पण कचऱ्याचं पिंप एकच भरलं आणि युवक मंडळाच्या मुलांनी बाह्या सरसावून भांडी धुतली, हे आमच्या संघात पहिल्यांदाच घडलं. यंदा नळ तीन असतील.

दुकानातही यांनी एक नियम केलाय. नवीन माल ठेवायचा तर विक्रेत्याकडून केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रमाणपत्र बघायचं आणि कशापासून बनलाय ते बिलावर लिहून घ्यायचं. काही विक्रेते कुरकुरतात, काही परत येत नाहीत. बटाट्याच्या आणि कसावाच्या स्टार्चचा माल, म्हणजे साबुदाणा ज्या कंदाचा होतो त्याचा, यांनी ठेवला नाही. बबल रोल अजून विकतो, कारण चाकणचा ग्राहक काचेसारखा नाजूक माल दुसऱ्या कशात घ्यायला तयार नाही. खोक्यात भरायचे मक्याच्या स्टार्चचे फुगे आता नमुन्याला आणलेत, पाण्यात टाकले की विरघळतात. पावसाळ्यात कसे टिकतात ते बघतोय.

तीन प्रश्न

पाच समिती साधू-साध्वींसाठी आहेत, सामायिक-पौषधात आपणही त्यांचं भान ठेवतो. त्यातल्या शेवटच्या तीन मला या विषयात फार उपयोगी पडल्या. एषणा, म्हणजे वस्तू कुठून आणि कशी आली ते पारखून घेणं. आदान-निक्षेपणा, म्हणजे ती उचलताना, वापरताना, ठेवताना जतना. आणि परिष्ठापनिका, म्हणजे ती टाकताना कोणाला इजा होणार नाही हे बघणं. बाजारातलं "नैसर्गिक" बहुतेक वेळा पहिल्या प्रश्नाचंच उत्तर देतं, तेही अर्धं. जिलेटिन मातीत छान मिसळतं, म्हणजे तिसऱ्या प्रश्नात पास, पहिल्यात नापास. बबल रोलमध्ये जनावर नाही, म्हणजे पहिल्यात पास, तिसऱ्यात नापास. घरातली स्टीलची थाळी तिन्हीत बऱ्यापैकी पास होते, फक्त धुवायला हात लागतात.

तुमच्या संघात ताटांचं काय करता, कॅप्सूलला कोणता पर्याय सापडला, हे मला जरूर कळवा. खास करून ज्यांच्या घरी कोणी औषध दुकानात किंवा दवाखान्यात काम करतं त्यांनी. टाक्यांचे धागे, जखमेच्या पट्ट्या, कॅप्सूल, यांची "कशाचं आहे" अशी यादी आपण मिळून केली, तर पुढच्या वेळी कोणाच्या सासूबाईंना दवाखान्याच्या खुर्चीत बसून एकटीने विचारावं लागणार नाही.

जय जिनेंद्र.